आरोग्यविम्यातील काटकसर कोणाच्या खिशातून?

काही दिवसांपूर्वी आमच्या महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर एक परिपत्रक लागले. सामूहिक आरोग्यविम्याचा हप्ता वाढल्यामुळे यंदापासून कर्मचाऱ्यांच्या आईवडिलांना संरक्षण मिळणार नाही, खोलीभाड्यावर मर्यादा राहील आणि प्रत्येक बिलाचा दहावा हिस्सा कर्मचाऱ्याने सोसावा, असा त्याचा मथितार्थ. कार्यालयातील एका लिपिकाने ते वाचून एवढेच विचारले, "सर, मग आईचे काय?" हा प्रश्न भावनेचा आहे, तसाच अर्थशास्त्राचाही आहे.

नोकराच्या आजारपणाचा भार मालकानेही उचलावा, हे तत्त्व स्वतंत्र भारताने १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने स्वीकारले. प्रा. बी. पी. अडारकर यांच्या १९४४ च्या अहवालाने त्याचा पाया घातला होता. वर्गणी पगाराच्या प्रमाणात, उपचार मात्र गरजेप्रमाणे, हे या योजनेचे मर्म. जुलै २०१९ मध्ये मालकाचा हिस्सा ३.२५ टक्के व कामगाराचा ०.७५ टक्के झाला. म्हणजे २०,००० रुपये वेतनावर दोघांचे मिळून ८०० रुपये. परंतु योजनेला वेतनमर्यादा आहे. २०१७ साली ती २१,००० रुपये करण्यात आली. ही रेषा ओलांडणाऱ्याची पगारवाढ त्याचे छत्र काढून घेते आणि तो मालकाच्या मर्जीवरील सामूहिक विम्याच्या दारात येऊन उभा राहतो.

या विम्याचे गणित निराळे आहे. पुढील वर्षाचा हप्ता बहुधा गतवर्षीच्या दाव्यांवरून ठरतो. हजारो नोकरांच्या कारखान्यात दोन-चार मोठी आजारपणे सामावून जातात. साठ माणसांच्या संस्थेत एका कर्करोगानेही हप्ता भडकतो. सप्टेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक आरोग्यविम्यावरील वस्तू व सेवा कर माफ झाला. सामूहिक विम्याला ती सवलत मिळाली नाही.

अशा वेळी व्यवस्थापन काटकसर करू पाहते, हे समजण्यासारखे आहे. पण खर्च कमी करणे वेगळे आणि तो दुसऱ्याच्या माथी मारणे वेगळे. थोडा वाटा रुग्णाने उचलल्यास अनावश्यक तपासण्यांना आळा बसेल, हे खरे. परंतु हौसेने हृदयाची शस्त्रक्रिया कोणी करवून घेत नाही. खोलीभाड्याची अट तर अधिक फसवी आहे. मर्यादा ५,००० रुपयांची असता १०,००० रुपयांची खोली घेतली, तर अनेक विमापत्रांत केवळ भाडेच नव्हे, डॉक्टरांच्या व शस्त्रक्रियेच्या शुल्काचाही निम्मा भाग रुग्णावर पडतो. मध्यरात्री रुग्णाला दाखल करणारा मुलगा हे कलम वाचून खोली निवडत नाही.

यावर उपाय नाहीत असे नाही. एकाच व्यवस्थापनाखालील शाळा-महाविद्यालयांनी मिळून एकच विमा घ्यावा. समूह जितका मोठा, तितका एकेका आजारपणाचा धक्का सौम्य. आईवडिलांना वगळण्याऐवजी त्यांच्या हप्त्यातील काही भाग कर्मचाऱ्यांकडून, तोही पगाराच्या प्रमाणात, घ्यावा. आणि रुग्णांची नावे न देता वर्षाचे एकूण हप्ते व दावे यांचा हिशेब कर्मचाऱ्यांपुढे मांडून मगच अटी बदलाव्यात.

विम्याचा अर्थच मुळी अनेकांनी मिळून एकाचे संकट वाटून घेणे हा आहे. ज्याला उपचारांची सर्वाधिक गरज, त्यालाच प्रथम वगळणारी काटकसर हिशेबाच्या वहीत शोभेल. त्या लिपिकाच्या प्रश्नाचे ते उत्तर नव्हे.