देठाची रेषा : जपानी पुष्परचनेचा परिचय

बुद्धवंदनेच्या वेळी पुष्पपूजेची गाथा आपल्या विहारांतून नित्य म्हटली जाते. फूल कोमेजते तसाच हा देहही विनाश पावतो, हा तिचा आशय लहान मुलांनाही ठाऊक असतो. मात्र ज्या फुलाच्या साक्षीने आपण हे म्हणतो, ते बहुधा देठावेगळे केलेले असते. हारात ओवलेल्या झेंडूला देठ नसतो. तो कोठून उगवला, कोणत्या दिशेने वाढला, याची खूण त्यावर उरत नाही. १४ ऑक्टोबर वा ६ डिसेंबरला आपण वाहतो ते फुलांचे ढीग आदराचे असतात, यात शंका नाही. पण त्या ढिगात एकही फूल वेगळे दिसत नाही. याच बुद्धपूजेतून जपानमध्ये जी कला वाढली, तिने मात्र देठालाच केंद्रस्थानी ठेवले. म्हणून 'इकेबाना'चा परिचय येथे करून देण्याचे आम्ही योजिले आहे.

या कलेचे मूळ क्योटो येथील रोक्काकुदो विहाराकडे नेले जाते. तेथील पुजारी तळ्याकाठच्या कुटीत राहत, म्हणून त्यांच्या परंपरेला 'इकेनोबो' हे नाव मिळाले. सातव्या शतकातील ओनो नो इमोको याने तिचा आरंभ केला, असे परंपरा सांगते. आम्ही इतिहासाचे विद्यार्थी. आख्यायिका व पुरावा यांतील भेद पाळणे आमच्या अंगवळणी पडले आहे. ठोस उल्लेख १४६२ चा आहे : सेनकेई या इकेनोबो भिक्खूची पुष्परचना पाहण्यासाठी क्योटोत लोकांची गर्दी झाली, अशी नोंद एका समकालीन भिक्खूच्या रोजनिशीत आढळते. पुढे १५४२ च्या सुमारास इकेनोबो सेन्नो याने केवळ टवटवीत फुलेच नव्हे, तर वठलेली फांदीही रचनेस योग्य असल्याचे प्रतिपादिले. अनित्यतेचा विचार येथे डोळ्यांना दिसतो.

आता प्रत्यक्ष मांडणी. विसाव्या शतकातील सोगेत्सु या संप्रदायाची (स्थापना १९२७) प्राथमिक रचना नवशिक्यास सर्वांत सोयीची. तीत तीन मुख्य देठ असतात : शिन, सोए आणि हिकाए. भांड्याचा व्यास व उंची यांची बेरीज करून तिच्या दीडपट ते दुप्पट लांबीचा शिन घ्यावा. सोए शिनच्या पाऊणपट, हिकाए सोएच्या पाऊणपट. समजा, पसरट वाडगा २४ सेंटिमीटर व्यासाचा आणि ६ सेंटिमीटर उंच आहे. बेरीज ३०, तेव्हा शिन ४५, सोए सुमारे ३४ आणि हिकाए सुमारे २५ सेंटिमीटर. उभ्या रेषेपासून शिन साधारण १५ अंश कलवून डावीकडे पुढे, सोए ४५ अंशांत त्याच बाजूस, तर हिकाए ७५ अंशांत उजवीकडे पुढे झुकवावा. बाकीचे आखूड देठ केवळ साहाय्यक. भूमितीच्या तासाला कंटाळणारी मुले येथे कोनमापक आपणहून मागतात, असा आमचा अनुभव आहे.

हे आकडे म्हणजे धर्माज्ञा नव्हेत. फांदीचा नैसर्गिक बाक ज्या दिशेस असेल, ती दिशा आधी ओळखावी. सूर्याकडे वळलेली बाजू तिची दर्शनी बाजू. नंतर अडथळा करणारी पाने निर्दयपणे काढावीत. पाने गेली की रेषा दिसते. दोन देठांमधील मोकळी जागा भरून काढण्याचा मोह आवरणे, हाच या कलेतील सर्वांत अवघड धडा होय. आपल्याकडे रिकामे म्हणजे उणे, असे समजण्याची सवय आहे.

तीन देठांना आकाश, मानव व पृथ्वी असे अर्थ जोडले जातात. ही कल्पना मूळची चिनी विचारातली. तिला बुद्धवचन समजू नये.

देठ रोवण्यासाठी 'केन्झान' ही काटेरी धातूची चकती वापरतात. ती नसली तरी अडत नाही. जुन्या पद्धतीत बेचक्याची काटकी भांड्याच्या तोंडात घट्ट बसवून तीत देठ अडकवीत. जास्वंदीची बेचकी आणि पितळी तांब्या एवढ्यावर हे जमते. देठ पाण्यात बुडवून तिरका कापावा, म्हणजे त्यात हवा शिरत नाही आणि फूल अधिक काळ टिकते.

साहित्य विकत आणण्याचे तर मुळीच कारण नाही. एकेकाळी ही कला भिक्खू, सरदार व धनिकांची होती. सोगेत्सुचा संस्थापक तेशिगाहारा सोफू याने ती कोणीही, कोठेही, कोणत्याही वस्तूतून करावी अशी भूमिका घेतली. आम्हांला तीच जवळची वाटते. बेलपाड्यात खारघरच्या डोंगराची उतरती कडा रोज समोर असते. रेष म्हणजे काय, ते शिकविण्यास दुसरे चित्र नको. पावसाळ्यात तेरडा, नंतर कुरडू, उन्हाळ्यात पर्णहीन चाफ्याची वाकडी फांदी, एरवी बोगनवेल व कर्दळीचे पान. जास्वंद सायंकाळी मिटते, म्हणून ती सकाळच्या वंदनेपुरती. कुरडू मात्र पाणी बदलत राहिल्यास अनेक दिवस टिकतो, आणि वाळल्यावरही त्याची रेष मोडत नाही.