तंदूर प्रकरण आणि प्रयोगशाळेची साक्ष

२ जुलै १९९५ च्या रात्री नवी दिल्लीतील अशोक यात्री निवासाच्या आवारात असलेल्या 'बगिया' उपाहारगृहातून ज्वाळा व धूर उठताना गस्तीवरील पोलीस शिपायाने पाहिले. तेथील तंदूरमध्ये एका तरुणीचा मृतदेह जळत होता. खून होताना पाहिलेला एकही साक्षीदार नव्हता. एका परिचिताने मृतदेह ओळखला खरा; परंतु इतक्या जळालेल्या देहाबाबत अशी ओळख न्यायालयात कितपत टिकावी?

पहिल्या शवविच्छेदनात मृत्यूचे कारण भाजणे असे नोंदविले गेले. गोळीचा उल्लेखच नव्हता. संशय बळावल्याने तीन डॉक्टरांच्या मंडळाने दुसऱ्यांदा तपासणी केली. या वेळी क्ष-किरण चित्रे काढण्यात आली आणि कवटीत व मानेत गोळ्या आढळल्या. क्ष-किरणासारखी साधी चाचणी आरंभीच झाली असती, तर तपासाचे मोलाचे दिवस वाचले असते, असे वाटल्यावाचून राहत नाही.

पुढील काम दोन प्रयोगशाळांनी केले. प्रत्येक बंदुकीच्या नळीतील आटे गोळीवर आपल्या सूक्ष्म रेषा उमटवितात. पतीकडून बंगळूर येथे जप्त केलेल्या रिव्हॉल्व्हरशी या गोळ्या जुळत असल्याचे दिल्लीच्या केंद्रीय न्यायवैद्यक प्रयोगशाळेने सांगितले. अपत्याचा निम्मा डीएनए मातेकडून व निम्मा पित्याकडून येतो. या आधारे हैदराबादच्या सेंटर फॉर सेल्युलर अँड मॉलिक्युलर बायॉलॉजी या संस्थेने मृत तरुणीच्या आईवडिलांच्या रक्ताशी नमुने ताडून तिची ओळख निश्चित केली. अर्थात, असे निष्कर्ष न्यायालयात टिकतात ते नमुन्यांवरील मोहोर अभंग असेल तरच. तिजोरीच्या दुहेरी किल्ल्या सांभाळणाऱ्या बँक कर्मचाऱ्यांना याचे महत्त्व निराळे सांगावयास नको.

२००३ साली सत्र न्यायालयाने पतीस फाशीची शिक्षा ठोठावली व २००७ मध्ये उच्च न्यायालयाने ती कायम केली. ऑक्टोबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धी कायम ठेवून फाशीऐवजी जन्मठेप दिली. मृतदेहाचे तुकडे करून तो जाळला, ही गोष्ट तोपर्यंत घरोघरी पोहोचली होती. दुसऱ्या शवविच्छेदनाच्या अहवालात मात्र अवयव कापल्यामुळे विलग झाले की जळाल्यामुळे, याविषयी मत देता येत नाही, असे नमूद होते. शिक्षेचा विचार करताना न्यायालयाने हे विधान ग्राह्य धरले आणि मृतदेह कापल्याचे वैद्यकीय पुराव्याने सिद्ध होत नाही, असे निकालपत्रात नोंदविले.