घरचा कॉम्प्युटर, दुरून उघडताना

नालासोपारा-विरारमधून पहाटेची लोकल पकडणाऱ्याला चर्चगेटला पोहोचल्यावर आठवते की हवी ती फाईल घरच्या कॉम्प्युटरवरच राहिली. कुणाचा मुलगा दुबईत, कुणाचा कुवेतमध्ये, आणि इथे अब्बांना ऑनलाइन फॉर्म जमत नाही. घरी ब्रॉडबँड असेल तर या दोन्ही अडचणींवर उपाय आहे.

'क्रोम रिमोट डेस्कटॉप' ही गूगलची मोफत सोय. ती घरच्या कॉम्प्युटरवर बसवून किमान सहा अंकी पिन ठेवला, की त्याच गूगल खात्यातून तो कुठूनही उघडतो. मात्र कॉम्प्युटर चालू हवा, झोपेत गेलेला नको. पावसाळ्यात वीज गेली की राऊटरही बंद पडतो. त्यालाही इन्व्हर्टर जोडलेला बरा. फक्त मदतीपुरते जोडायचे असेल तर अब्बांनी एकदाच चालणारा बारा अंकी कोड मुलाला सांगायचा. तो पाच मिनिटांतच बाद होतो.

नेमके इथेच ठगांचेही फावते. 'लाईट बिल थकले आहे, आज रात्री वीज तोडू' किंवा 'बँकेतून बोलतोय' असा फोन येतो, अ‍ॅप उतरवायला सांगतात, कोड विचारतात. तो दिला की आपला स्क्रीन त्यांच्यासमोर उघडा. आलेला ओटीपीही त्यांना दिसतो. फेब्रुवारी 2019 मध्ये रिझर्व्ह बँकेने 'एनीडेस्क'च्या अशा गैरवापराबद्दल बँकांना सावध केले होते. अ‍ॅप वाईट नाही. किल्ली कुणाच्या हाती दिली, हा प्रश्न आहे.

म्हणून आपण घरात एक नियम करू या. कोड मागणारा फोन आला की तो ठेवायचा आणि आपल्याकडच्या नंबरवर मुलाला स्वतः फोन लावायचा. तरीही फसगत झालीच, तर आधी इंटरनेट बंद करावे, बँकेला कळवावे आणि लगेच 1930 वर तक्रार नोंदवावी. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणे कठीण. लाज वाटून गप्प बसू नये, आणि घरच्यांनीही वडीलधाऱ्यांना बोल लावू नयेत.

आणखी एक गोष्ट मुलांसाठी. त्या कॉम्प्युटरवर बहिणीचे फोटो असतात, भावजयीची कागदपत्रे असतात. कुणाच्या घरात सलाम करून, इजाजत घेऊनच पाऊल टाकावे, हे आपण लहानपणापासून शिकतो. दुरून कॉम्प्युटर उघडणे हेही घरात शिरणेच आहे. आधी घरी फोन करावा, मगच पिन टाकावा.