न दिसणाऱ्या विषाणूचा माग : डीएनए प्रोब आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग

हिंगणघाट परिसरातील खेड्यांतून आमच्या स्त्रीरोग विभागात येणाऱ्या भगिनींच्या बाबतीत एक खेदजनक गोष्ट आम्हांस वारंवार अनुभवास येते. अंगावरून जाणे, पाळी कायमची थांबल्यावरही रक्तस्राव होणे, अशी लक्षणे त्यांनी कित्येक महिने अंगावर काढलेली असतात. कधी निंदण, कधी कापसाची वेचणी, कधी घरचे लग्नकार्य आड येते. तपासणी होते तेव्हा गर्भाशयमुखाचा कर्करोग बराच पुढे गेलेला असतो आणि रुग्णास सेवाग्राम वा नागपूर येथील मोठ्या रुग्णालयात पाठविण्यावाचून आमच्या हाती काही उरत नाही. २०२२ या एका वर्षात भारतात या रोगाचे सुमारे १ लाख २७ हजार नवे रुग्ण आढळले व सुमारे ८० हजार स्त्रिया मृत्युमुखी पडल्या, असा जागतिक अंदाज आहे. वस्तुतः हा रोग होण्याच्या कितीतरी वर्षे आधी त्याची चाहूल घेता येते. ती कशी, हे वाचकांपुढे मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रोब म्हणजे काय?

या कर्करोगाच्या मुळाशी ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजेच ‘एचपीव्ही’ हा विषाणू असतो. प्रयोगशाळेतील नेहमीच्या पद्धतींनी तो वाढविता येत नाही, त्यामुळे दीर्घकाळ तो संशोधकांच्या हाती लागत नव्हता. अखेर त्याच्या डीएनएवरूनच त्याचा माग काढावा लागला.

डीएनए हे दोन पेडांचे सूत आहे, असे समजावे. एका पेडावरील प्रत्येक घटकासमोर दुसऱ्या पेडावर त्याचा ठरलेला जोडीदार असतो. उष्णता वा क्षार यांच्या योगे हे पेड सुटे करता येतात. परिस्थिती अनुकूल होताच प्रत्येक पेड आपल्या जोडीदाराशी पुन्हा जुळतो. प्रोब म्हणजे विषाणूच्या पेडाशी जुळेल असा, खूण लावलेला छोटा पेड. रुग्णाच्या नमुन्यात विषाणू असेल तर प्रोब त्याला चिकटतो व खूण उमटते; नसेल तर तो धुऊन निघून जातो.

जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउसेन यांच्या गटाने ओळखीच्या पॅपिलोमा विषाणूंचे प्रोब वापरून कर्करोगाच्या गाठींतील अनोळखी भावंडे शोधली. १९८३ मध्ये प्रकार १६ व १९८४ मध्ये प्रकार १८ उजेडात आला. गर्भाशयमुखाच्या सुमारे ७० टक्के कर्करोगांस हे दोनच प्रकार कारणीभूत असतात. या कार्याबद्दल त्यांना २००८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

मराठवाड्यातील खेड्यांचा दाखला

ही चाचणी खेड्यापाड्यांत उपयोगी पडेल काय, या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्रातच मिळाले. ऑक्टोबर १९९९ पासून तत्कालीन उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात ३० ते ५९ वयोगटातील १,३१,७४६ निरोगी स्त्रियांचा अभ्यास करण्यात आला. टाटा मेमोरियल सेंटर, बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय व फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था त्यात सहभागी होत्या. खेड्यांचे चार गट पाडले गेले. तीन गटांत अनुक्रमे एचपीव्ही चाचणी, पॅप चाचणी व ॲसेटिक ॲसिड लावून डोळ्यांनी पाहणी करण्यात आली. चौथ्या गटास केवळ माहिती व नेहमीची आरोग्यसेवा मिळाली. तेथील एचपीव्ही चाचणीत वापरलेले प्रोब आरएनएचे होते. तत्त्व मात्र तेच.

२००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आठ वर्षांच्या पाठपुराव्यात चौथ्या गटातील सुमारे ३१ हजार स्त्रियांपैकी ६४ जणी या रोगाने दगावल्या. एचपीव्ही चाचणीच्या गटातील सुमारे ३४ हजारांपैकी ३४. म्हणजे एकाच वेळच्या चाचणीने व त्यानंतरच्या उपचाराने मृत्यूचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. अन्य दोन पद्धतींनी या अभ्यासात मृत्यूंमध्ये लक्षणीय घट दिसली नाही.

अहवाल ‘पॉझिटिव्ह’ आला तर?

येथे एक खुलासा आवश्यक आहे. विषाणू आढळला म्हणजे कर्करोग झाला, असे नव्हे. बहुतेक स्त्रियांच्या शरीरातून तो एक-दोन वर्षांत आपोआप नाहीसा होतो. काहींमध्ये तो ठाण मांडतो आणि कर्करोग होण्यास साधारणतः दहा-पंधरा वर्षे किंवा अधिक काळ लागतो. म्हणूनच तिशीनंतर चाचणी करणे श्रेयस्कर. दोष आढळल्यास दुर्बिणीने तपासणी करून कर्करोगपूर्व भाग गोठवून वा काढून टाकता येतो. त्यासाठी गर्भाशय काढावेच लागते, असे नाही. हा संसर्ग अतिशय सामान्य असून त्यावरून कोणाच्या चारित्र्याविषयी शंका घेणे सर्वथा अनुचित होय.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये एचपीव्ही डीएनए चाचणीस प्राधान्य देण्याची व सर्वसाधारण स्त्रियांनी ती तिशीनंतर पाच ते दहा वर्षांनी करून घेण्याची शिफारस केली. नमुना स्त्रीला स्वतःही घेता येतो. संकोचापोटी तपासणी टाळणाऱ्या भगिनींसाठी ही मोठीच सोय आहे.

चाचणी कितीही सूक्ष्म असली तरी घरी बसलेल्या स्त्रीपर्यंत ती आपणहून पोहोचत नाही. आशाताई, बचत गट, शिक्षक आणि संस्थेचे हितचिंतक यांनी वेचणीचा हंगाम सुरू होण्यापूर्वीच आपल्या गावातील तिशीपुढील माता-भगिनींना तपासणीस घेऊन यावे, अशी आमची नम्र विनंती आहे. पुढील अहवालात उशिरा आलेल्या रुग्णांची संख्या घटलेली दिसावी, हीच आमची मनीषा.