स्कार्फवरचा गॉगल

एप्रिल सरत आला की भंडाऱ्याच्या बाजारातल्या चष्म्याच्या दुकानांत गॉगलचे स्टँड पुढे येतात. सकाळी दहापासूनच ऊन चटका द्यायला लागतं, मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो आणि दुपारी रस्त्यावर दिसतात त्या स्कूटीवरच्या मुली आणि बाया. डोक्यापासून गळ्यापर्यंत स्कार्फ गुंडाळलेला, हातात कोपरापर्यंत मोजे, आणि कपाळ ते नाक एवढ्याच उघड्या पट्टीवर गॉगल. या पट्टीवर नेमकी कोणती फ्रेम बसवायची, हे पाहण्यासाठी मी ऐन गर्दीच्या दिवसांत एका जुन्या दुकानात जाऊन बसत होते.

आत आलेली मुलगी पहिलं काम करते ते स्कार्फ सोडण्याचं. मग केस सारखे करते, आरशासमोर उभी राहते आणि एकेक गॉगल लावून मैत्रिणीला विचारते, "कसा दिसते वं?" मैत्रीण मोबाइलवर फोटो काढून दाखवते. इथे दुकानदार काका मध्ये पडतात. "ताई, कुठं घालणार हा? गाडीवरच ना? मग स्कार्फ बांधून पाहा." मुलगी जरा खट्टू होते, पण बांधते. आणि मघाशी छान बसलेला गॉगल आता नाकावरून घसरतो. कापडाच्या दोन घड्यांनी नाक रुंद झालेलं असतं, कानांवरही कापड आलेलं असतं, आणि काड्या अर्धा इंच अलीकडेच संपतात.

चेहऱ्याच्या ठेवणीनुसार फ्रेम कशी निवडावी, हे सांगणारी सूत्रं आता सगळ्यांच्या मोबाइलमध्ये असतात. त्यांचा गाभा एकच आहे. चेहऱ्यात जे जास्त आहे, त्याच्या उलट फ्रेममध्ये हवं. गोल, भरल्या गालांच्या चेहऱ्याला कोनदार, थोडी रुंद फ्रेम. जबडा चौकोनी असेल तर गोल किंवा लंबगोल. कपाळ रुंद आणि हनुवटी निमुळती असेल तर वरची कड जड नको, खाली भरणारी एव्हिएटर चांगली दिसते. उभट चेहऱ्याला उंच काचा हव्यात, म्हणजे चेहऱ्याची लांबी मध्येच तुटते. बाहेरचे कोपरे वर उचललेली कॅट-आय गालांना उठाव देते, म्हणून ती बहुतेक चेहऱ्यांवर खपून जाते.

कॅट-आयची गोष्ट मला फार आवडते. १९३० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये अल्टिना शिनासी नावाची कलावंत दुकानांच्या दर्शनी खिडक्या सजवायची. चष्म्याच्या एका दुकानात बायकांसाठी ठेवलेल्या सगळ्या फ्रेम तिला कंटाळवाण्या वाटल्या, म्हणून तिने व्हेनिसच्या उत्सवातल्या मुखवट्यांवरून वर उचललेल्या कोपऱ्यांची हार्लेक्विन फ्रेम, म्हणजे आजची कॅट-आय, तयार केली. एव्हिएटर मात्र दिसण्यासाठी जन्माला आलीच नव्हती. वैमानिकाला खाली उपकरणांकडे पाहतानाही डोळा झाकलेला राहावा, म्हणून तिची काच खाली थेंबासारखी उतरते. रे-बॅनने ती १९३७ साली बाजारात आणली. आज तुमसरच्या कॉलेजला जाणारी मुलगी या दोन फ्रेम हातात घेऊन कोणती घेऊ म्हणून अडून बसते.

ही सूत्रं खोटी नाहीत, पण दुकानात बसल्यावर लक्षात येतं की ती फार पुढची गोष्ट आहे. आधी नाक, कान आणि भुवया. काका गॉगल उलटा करून काडीच्या आतल्या बाजूला बोट ठेवतात. तिथे बारीक अक्षरांत आकडे असतात: ५४, मध्ये छोटा चौकोन, १६, मग १४०. पहिला आकडा एका काचेची रुंदी, दुसरा दोन काचांमधलं नाकावरचं अंतर आणि तिसरा काडीची लांबी, सगळं मिलिमीटरमध्ये. आवडलेल्या जुन्या गॉगलवरचे हे आकडे नव्याशी ताडून पाहिले तर निम्मी निवड तिथेच होते, हे गिऱ्हाइकांपैकी फार थोड्यांना ठाऊक असतं. स्कार्फवरून घालायचा असेल तर काका १४५ ची काडी शोधतात, आणि नाकावर एकसंध प्लास्टिकऐवजी हलणारे नोजपॅड असलेली फ्रेम. ते पॅड चिमट्याने थोडे उघडता येतात.

मग ते काडीचं टोक गरम हवेच्या मशीनसमोर धरतात. प्लास्टिक मऊ झालं की अंगठ्याने हळूहळू वाक देतात, थंड होऊ देतात, पुन्हा कानामागे लावून बघतात. वाक कान जिथे वरून डोक्याला जुळतो, त्याच्या लगेच मागे सुरू व्हायला हवा. आधी सुरू झाला तर काडी कानामागे रुतते आणि तासाभरात दुखायला लागतं. स्कार्फवाल्या मुलीसाठी ते मुद्दाम कमी वाक देतात, कारण जास्त वाकलेली काडी कापडात अडकते आणि गॉगल काढताना सगळा स्कार्फ ओढला जातो. शेवटी ते तिला हसायला सांगतात. हसताना गाल वर येऊन फ्रेमला टेकले की गॉगल उचलला जातो. टेकले तर ती फ्रेम बाजूला. वरची कड भुवईच्या ओघाने जायला हवी आणि डोळा काचेच्या साधारण मधोमध. स्कार्फ नाकावर घट्ट असेल तर श्वासाची वाफ वर जाऊन काच धुरकटते, म्हणून काच गालापासून थोडी दूर राहील असंही ते पाहतात. मुलगी गाडीवर बसून आरशात पाहते आणि पैसे काढते. तिचा चेहरा गोल की चौकोनी, हा प्रश्न तोवर मागे पडलेला असतो.

काचेचं मात्र दिसण्यावर अजिबात सोडू नये. रस्त्यावर शे-दीडशे रुपयांत मिळणारा गॉगलही काळाकुट्ट असतो, पण गडदपणा म्हणजे अतिनील किरणांपासून संरक्षण नव्हे. गडद काचेमागे डोळ्याची बाहुली मोठी होते, आणि काच अतिनील किरण अडवत नसेल तर ते आत जायला वाट आणखी मोकळी. यूव्ही ४०० म्हणजे ४०० नॅनोमीटरपर्यंतचे किरण अडवणारी काच. पॉलिकार्बोनेटची काच तर रंग नसतानाही बहुतेक अतिनील किरण रोखते. काकांकडे तपासायची साधी युक्ती आहे. अतिनील टॉर्च नोटेवर मारला की नोटेचा नंबर आणि तिच्यातले बारीक तंतू चमकतात. मध्ये चांगली काच धरली की ती चमक विझते. पोलराइज्ड म्हणून विकलेला गॉगल मोबाइलच्या स्क्रीनसमोर धरून हळूहळू फिरवायचा. एका कोनात स्क्रीन काळी पडली तर तो खरा. डांबरावरून आणि पाण्यावरून डोळ्यात येणारी आडवी चकाकी तो कापतो.

पाण्यावरची चकाकी भंडाऱ्यात गाडीवरच्या मुलींपेक्षा बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, राबणाऱ्या बायांच्या वाट्याला येते. लाखांदूरकडून आलेल्या एका मुलीने स्वतःचा गॉगल घेतल्यावर आईसाठी एक दाखवायला सांगितलं. आई सोबतच होती, नऊवारी नेसलेली, डोक्यावर पदर. तिने हात झटकला. "बांधीत गॉगल घालू? लोक हासतील न जी." काकांनी लंबगोल, तपकिरी काचेचा एक गॉगल पुढे केला. तिने लावलासुद्धा, आरशात क्षणभर पाहिलं आणि काढून काचेच्या टेबलावर ठेवला. तो घेतला नाही.

भंडारा धानाचा जिल्हा आहे. रोवणीत, म्हणजे धानाची रोपं लावताना, बाया दिवसभर वाकून पाणी भरलेल्या बांधीत असतात. वरून ऊन आणि खालून त्याचं प्रतिबिंब. ऊन, वारा आणि धुळीने डोळ्याच्या पांढऱ्या भागावर मांस वाढतं आणि ते बुबुळाकडे सरकतं. बहुतेक वेळा ते नाकाकडच्या बाजूनेच वाढतं. ऑस्ट्रेलियातले नेत्रतज्ज्ञ मिनास कोरोनिओ यांनी त्याचं कारण दाखवून दिलं आहे: कानाच्या बाजूने तिरका येणारा प्रकाश बुबुळावर वळतो आणि पलीकडे, नाकाजवळच्या कडेवर एकवटतो. म्हणून नुसती समोरून झाकणारी छोटी फॅशनेबल काच शेतात उपयोगाची नाही. बाजूने वळलेली, रुंद काड्यांची, चेहऱ्याला लागून बसणारी फ्रेमच कामाची. मोतीबिंदूच्या अनेक कारणांतही अतिनील किरण आहेत.

मला अस्वस्थ करते ती पुढची गोष्ट. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं की याच बायांना मोठा, बाजूने बंद असलेला काळा चष्मा मिळतो आणि तो घालून त्या गावात फिरतात. तेव्हा कोणी हसत नाही, कारण डॉक्टरांनी सांगितलेलं असतं. डोळा बिघडल्यावर जो गॉगल मान्य होतो, तो डोळा चांगला असताना नखरा ठरतो. पन्नाशीच्या शेतकरी बाईसाठी गॉगल म्हणून कोणी वेगळी फ्रेम आणत नाही आणि दुकानातही तिला कोणी स्टँडजवळ बोलावत नाही. काका म्हणाले, या बाया चाळिशीचा चष्मा घ्यायला येतात, गॉगल पाहायला येतच नाहीत.

या उन्हाळ्यात स्वतःसाठी कॅट-आय घ्या, एव्हिएटर घ्या, हौसेने घ्या. पण रोवणीच्या आधी आई, काकू, मावशी यांच्यापैकी एकीला दुकानात नेऊन तिच्यासाठीही एक घ्या. तपकिरी किंवा राखाडी, यूव्ही ४०० असलेला, बाजूने झाकणारा, पदराच्या आत सहज बसणाऱ्या सरळ काड्यांचा, आणि वाकल्यावर चिखलात पडू नये म्हणून मागे दोरी लावलेला. तो तिला पदर घेऊनच लावून पाहायला सांगा, आणि लोक हसतील म्हणाली तर पहिल्या दिवशी बांधीवर तुम्हीही तुमचा घालून जा.