रडारची नजर आणि दूरचे ढग

मराठवाड्यातील 2015 च्या अवर्षणात कृत्रिम पावसाच्या प्रयोगासाठी औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) येथे सी-बँड डॉप्लर रडार बसविण्यात आले होते. योग्य ढगांचा शोध त्याच्या साहाय्याने घेतला जाई. अशा कामी शेजारचे दोन ढग वेगळे ओळखता येणे महत्त्वाचे असते. रडारच्या या गुणास ‘कोनीय विभेदनक्षमता’ म्हणतात.

लहरींची लांबी जितकी कमी आणि अँटेनाची तबकडी जितकी मोठी, तितकी रडारची शलाका अरुंद होते व ही क्षमता वाढते. सुमारे 5 सेंटीमीटर लांबीच्या लहरींची शलाका एक अंश ठेवण्यास साधारण 4 मीटर व्यासाची तबकडी लागते.

अंतराबरोबर शलाका रुंदावत जाते. एक अंशाची शलाका सरळ रेषेत सुमारे 57 किलोमीटरवरील जालन्याजवळ एक किलोमीटर, तर 200 किलोमीटरवरील लातूरजवळ साडेतीन किलोमीटर रुंद होते. तेथील दोन लहान ढग चित्रात एकच भासू शकतात. लहरी आखूड केल्यास मुसळधार पावसात त्या लवकर क्षीण होतात. तबकडी वाढविल्यास वजन व खर्च वाढतो. यास्तव दूरच्या तालुक्यांसाठी जवळचे दुसरे रडार आणि मंडळनिहाय पर्जन्यमापकाची नोंद यांची जोड आवश्यक ठरते.