एकच नानकटाई, पण ताजी

नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर बारामती आणि इंदापूर तालुक्यांत ऊस वाढला, साखर कारखाने उभे राहिले. दिवाळीच्या आधी पीठ, तूप आणि साखर घेऊन बेकरीत जायचे व डबा भरून नानकटाई भाजून आणायची, ही येथील अनेक ज्येष्ठांची आठवण आहे. अशा माणसाला मधुमेह झाला की आम्ही डॉक्टर एका ओळीत लिहून मोकळे होतो : ‘गोड पूर्ण बंद.’

इंदापूर तालुक्यातील ७८ वर्षांच्या एका आजोबांना मीही तसेच लिहून दिले होते. तीन महिन्यांनी साखर उलट वाढलेली आढळली. त्यांच्या सूनबाईंना गादीखाली बिस्किटांचा पुडा सापडला होता. आजोबा खाली मान घालून म्हणाले, “डॉक्टरसाहेब, चोरून खाताना चवसुद्धा लागत नाही हो.” चूक माझ्या सल्ल्यातही होती. मनाई करताना मी प्रमाण सांगितलेच नव्हते.

त्यानंतर आम्ही एक उपाय ठरवला. नानकटाईचे पीठ एकदाच मळायचे, गोळे गोठवून ठेवायचे आणि ठरलेल्या दिवशी माणशी एकच भाजायची. भाजायला अर्धा तास लागतो, त्यामुळे हात सहज डब्याकडे जात नाही.

दहा नानकटाईंसाठी १०० ग्रॅम कणीक, २० ग्रॅम बेसन, ६० ग्रॅम तूप, ५० ग्रॅम पिठीसाखर, पाव चमचा बेकिंग पावडर आणि वेलदोड्याची पूड घ्यावी. तूप व साखर फेसून त्यात पीठ मिसळावे. दहा समान गोळे करून किंचित चपटे करावेत. ताटात सुटे ठेवून दोन तास गोठवावेत; मग घट्ट झाकणाच्या डब्यात, तारीख लिहून, फ्रीजरमध्ये ठेवावेत. महिनाभरात संपवावेत. वीज जाऊन गोळे मऊ पडले, तर पुन्हा न गोठवता त्याच दिवशी भाजून टाकावेत. कच्चे पीठ चाखू नये. गोठवल्याने त्यातील सर्व जंतू मरत नाहीत.

जाड कढईत मिठाचा थर व त्यावर जाळी ठेवून, झाकण लावून दहा मिनिटे तापवावी. गोठलेला गोळा छोट्या ताटलीत ठेवून मंद आचेवर २० ते २५ मिनिटे भाजावा. विद्युत भट्टी असल्यास १६० अंश सेल्सिअसला सुमारे २० मिनिटे पुरतात. गरम असताना नानकटाई मऊ लागते. निवल्यावर खुसखुशीत होते. तापलेली कढई हात थरथरणाऱ्या ज्येष्ठांनी हाताळू नये.

अशा एका नानकटाईत सुमारे ११५ कॅलरी व १३ ग्रॅम कर्बोदके असतात. म्हणून ती जेवणानंतर खावी आणि त्या जेवणात एक छोटी पोळी कमी करावी. साखरेऐवजी गूळ घातल्याने मधुमेहात लाभ होत नाही. आठवड्यातून किती वेळा खावी, हे आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

आणखी दोन गोष्टी. पक्षाघात किंवा कंपवातामुळे गिळताना ठसका लागत असेल, तर ही भुसभुशीत नानकटाई देऊ नये. आधी डॉक्टरांना दाखवावे. तसेच साखर एकाएकी उतरून घाम, थरथर किंवा गोंधळ जाणवल्यास नानकटाई उपयोगाची नाही, कारण तुपामुळे तिच्यातील साखर रक्तात सावकाश पोहोचते. रुग्ण शुद्धीवर असेल तर तीन लहान चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी व १५ मिनिटांनी रक्तशर्करा पुन्हा तपासावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता तातडीने रुग्णालय गाठावे.

“एकासाठी एवढी कढई तापवायची?” असे सूनबाईंनी विचारले होते. मी म्हटले, “दोन भाजा. एक आजोबांची, एक तुमची.” आता दर गुरुवारी दुपारी दोघे ओसरीवर बसून ती खातात. गादीखाली पुन्हा पुडा सापडलेला नाही, आणि सूनबाईंनाही त्या निमित्ताने पाच मिनिटे बसायला मिळते.